मशीन खाली कोण नेणार

शनिवार, ७ डिसेंबर

आज मशीन वरच सोडून आले. किल्ली सीटवर ठेवली, स्की चढवल्या आणि निघाले.

लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच वाटेल की मी असं केलंच नाही.

मोसमाचा पहिला दिवस. आधी नवऱ्याला, लॉर्नला, मागे बसवून वर नेलं, मग खाली येऊन त्याच्या मित्राला, डार्सीला. डार्सीचं स्वतःचं स्नोमोबाइल, बर्फावरची फटफटी, गेल्या वसंतात ओढ्यात बुडालं, तेव्हापासून तो आमच्याच मशीनवर. लाकूडतोडीच्या रस्त्यावर हातभर ताजा बर्फ, वर 'ओगराळ्या'च्या कडेला तर कमरेइतका. (सगळं गाव त्या खोलगट उताराला ओगराळंच म्हणतं.) दोघे नेहमीसारखे स्की बांधायला बसले. लॉर्न मान वर न करता म्हणाला, "शार, मशीन घेऊन खाली ओढ्याजवळ थांब. आणि थर्मास बाहेर काढून ठेव."

सकाळपासून माझ्या पायात स्कीचे बूट होते. पेट्रोल पंपावर कॉफी आणायला गेले ती खाडखाड आवाज करत. नवऱ्याने पायाकडे पाहिलं नाही. माझ्या जुन्या स्की मशीनच्या मागच्या कॅरिअरवर त्याने स्वतःच्या हाताने बांधल्या. "ही तिसरी जोडी कुणाची?" "माझी." "बरं," म्हणाला. ऐकलंच नव्हतं.

वर मी म्हटलं, "आज मी उतरणार. मशीन तुमच्यापैकी कुणीतरी आणा."

डार्सी हसला. लॉर्न म्हणाला, "गंमत पुरे, थंडी वाढतेय."

मी गेले.

पहिलं वळण भयानक. दुसऱ्याला पडले — तोंडात बर्फ, मानेत बर्फ, एक स्की कुठे गेली ती चाचपून काढली. तिसऱ्यापासून मात्र अंगाला आपोआप आठवत गेलं. बाबांनी शिकवलेलं, गुडघ्यांनी जपून ठेवलेलं. खाली ओढ्यापाशी थांबून मागे पाहिलं. अख्ख्या उतारावर एकच रेघ, आणि ती माझी! आयत्या पिठावर रेघोट्या ओढणं म्हणजे काय ते आज कळलं. इतकी वर्षं पीठ मी पसरत होते.

वरून दोघांचा आवाज येत होता. शब्द नाही, नुसता सूर. मग मशीन सुरू झालं, बंद झालं, परत सुरू झालं. बराच वेळ गेला. शेवटी डार्सी स्कीवरून आला आणि त्याच्या मागून लॉर्न — दोन्ही पाय खाली टेकवत, मशीन म्हशीसारखं ओढत, आम्ही आलो त्या मळलेल्या वाटेनेच, लांबचा फेरा घालून. चेहरा बिटासारखा.

"लाज नाही वाटत?"

मी थर्मास पुढे केला. "घे. बाहेर काढून ठेवलाय."

रविवार, ८ डिसेंबर

मांड्या अशा भरून आल्यात की संडासात बसताना बेसिन धरावं लागलं. लॉर्न बोलत नाही. गॅरेजात जाऊन धडधाकट मशीन दुरुस्त करतोय.

सोमवार, ९ डिसेंबर

शाळेची बस. उणे अठरा. पुढे हीटरची घरघर, मागे पोरांचा कलकलाट.

बस चालवताना हिशेब मांडला. आठवडाभर लोकांची पोरं, शनिवार-रविवार लोकांचे नवरे. त्यातला एक माझा, एवढंच.

उजवा अंगठा परत सुजलाय. मशीनला रेस अंगठ्यानेच द्यावी लागते, दिवसभर दाबून धरायची. मागच्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "काम काय करता?" मी म्हटलं, बस चालवते. त्या म्हणाल्या, "बसने अंगठा असा होत नाही." मी म्हटलं, मग असेल काहीतरी. तेव्हा खरंच सुचलं नाही.

शुक्रवार, १३ डिसेंबर

लीजनच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या क्लबच्या, हॉलमध्ये मांसाची सोडत. आम्हाला डुकराच्या चॉप्सचं पाकीट लागलं. लॉर्नने ते घेतलं आणि सहा दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलला — "पिशवी आहे का?"

डार्सीने गाठलंच. "काय ड्रायव्हरबाई, संप मिटला का?"

"बोलणी चालू आहेत."

"लॉर्न म्हणतो, तुझ्यासारखं मशीन गावात कुणी चालवत नाही."

"म्हणतोच मी," लॉर्न म्हणाला. "कुठेही सांगतो. खोल बर्फात शारचा हात धरणारा कुणी नाही."

या एका वाक्यावर मी किती हिवाळे फुगले होते! पाठ थोपटता थोपटता खोगीर कधी चढवलं, समजलंच नाही.

मी म्हटलं, "मला येतं म्हणून मीच का? तुला येत नाही, म्हणून तू शीक."

मग डार्सीने त्याच्या मैत्रिणीच्या खांद्यावर हात टाकला. टेस. सस्कॅचेवानची पोरगी, गव्हाच्या सपाट रानात वाढलेली, मेन स्ट्रीटवर केस कापते. दोन महिने झाले इथे येऊन. "टेस चालवेल. शेतावर चारचाकी हाकायचीस ना ग?"

टेसने माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. "हो," म्हणाली. त्या 'हो'चा आवाज मला ओळखीचा वाटला.

शनिवार, १४ डिसेंबर

गेले तिघे. मी घरी. बाहेर पिठासारखा बर्फ पडतोय आणि मी कपाटं आवरतेय.

केल्सीचा कॉलेजातून फोन. तिला सांगितलं. ती म्हणाली, "आई, बाबांनी मशीन खाली आणलं? व्हिडिओ आहे का?"

तिने विचारलं, पण तू चालवायला लागलीस कशी? काय सांगू. लग्नाआधी आम्ही चालत चढायचो, अर्धा दिवस चढण आणि एक उतरण. मग मशीन आलं. मग केल्सी झाली. तेव्हा कुणीतरी खाली गाडीपाशी बाळाजवळ असायला हवं होतं. मग कुणीतरी मशीन खाली न्यायला हवं होतं. 'कुणीतरी' म्हणजे मी, हे कधी ठरलं ते आठवत नाही. ठरलंच नाही बहुतेक. बर्फ बसतो तसं बसत गेलं.

गुरुवार, १९ डिसेंबर

टेस दारात. हातात कात्री-कंगव्याची पेटी. "तुझे केस कापू का? पैसे नकोत. बोलायचंय."

स्वयंपाकघरात खुर्ची मांडली, मानेला टॉवेल. ती कापत होती आणि मागून बोलत होती. समोरासमोर तिला जमलं नसतं.

शनिवारी ती झाडांत रुतली. मशीनच्या पोटाखालचा पट्टा फिरतोय, मशीन आणखी खाली जातंय. खाली ओढ्यावर ते दोघे ओरडतायत, "रेस दे! रेस दे!" जितकी रेस दिली तितकी खाली. शेवटी हाताने उकरलं. हातमोज्यांत रक्त आलं तरी सांगितलं नाही.

"फावडं नव्हतं?"

"आहे हे मला कुणी सांगितलंच नाही."

सीटखाली आहे. मीच ठेवलेलं.

"मला नीट शिकव," ती म्हणाली. "त्यांच्यासाठी नाही. मला भीती वाटते, आणि भीती वाटलेली मला आवडत नाही."

केस कान उघडे पडतील इतके बारीक झाले. लॉर्न म्हणाला, "हे काय?" मी म्हटलं, "हेल्मेट बसतं आता नीट."

शुक्रवार, २७ डिसेंबर

शाळेला सुटी, लॉर्न लाकडाच्या गिरणीत. न विचारता मशीन ट्रेलरवर चढवलं आणि टेसला घेऊन गेले.

तिला सांगितलं: सीटवर पोत्यासारखं बसायचं नाही. उतार तिरका कापताना दोन्ही पाय वरच्या बाजूच्या पायफळीवर, अख्खं अंग डोंगराकडे टाकायचं. मशीन तुझ्या अंगावर येतंय असं वाटेल. तसंच वाटायला हवं. वाटलं नाही तर समज, ते खाली निघालंय.

तीनदा कलंडली. चौथ्यांदा अशी रेषेत गेली की मी खालून शिट्टी मारली. बर्फ सुटायची जागा कोणती, थांबायचं कुठे, बर्फाखाली गाडलं गेल्यास ठावठिकाणा कळवणारं छातीवरचं बीकन कसं तपासायचं, सगळं पढवलं. मग ती मशीन घेऊन खाली आणि मी स्कीवर. परत वर, परत खाली. आज एकदाही पडले नाही.

दुपारी डब्यातले मिरचीचे बीन्स खाताना मी म्हटलं, "पुढच्या वेळी तू स्की घालायची आणि मी चालवणार."

"मला येत नाही."

"मग काय झालं? पाळी म्हणजे पाळी."

शनिवार, ४ जानेवारी

लॉर्नला कळलं. पेट्रोलच्या काट्यावरून.

"माझं मशीन न विचारता नेलंस?"

"तुझं?"

"आपलं."

"मग आपल्याला विचारलं मी. आपण हो म्हणालो."

भांडण झालं. आवाज चढले नाहीत, आमच्या घरी चढत नाहीत. तो उभा राहून बोलला, मी बटाटे सोलत. म्हणाला, तू बदललीस. म्हणाला, तीन-चार वर्षांत माझे गुडघे जाणार, तेवढी वर्षं तरी मला सुखाने उतरू दे. हे मात्र लागलं. एका क्षणी हातातला बटाटा थांबला.

मग मी म्हटलं, "गुडघे मलाही दोनच आहेत."

अट घातली. चौघांनी पाळीपाळीने मशीन आणायचं. कबूल नसेल तर मशीन विकू आणि पूर्वीसारखं चालत चढू, मग बघू कोण वर पोचतं ते. संध्याकाळी डार्सी आला, ऐकून त्याने नाक मुरडलं. लॉर्न शेवटी म्हणाला, "ठीक. पण माझी पाळी शेवटची."

शनिवार, ११ जानेवारी

लॉर्नची पाळी येईपर्यंत दिवस संपला. गॉगलवर वाफ धरते म्हणे.

शनिवार, १८ जानेवारी

आज गुडघा. मागच्या वेळी गॉगल, आज गुडघा, पुढच्या वेळी बहुधा चंद्रबळ नसेल. स्की करताना मात्र तो गुडघा हरणाचा.

डार्सीने आणलं एकदा. दारू प्यालेल्या गाईने काढावी तशी वाट काढली, पण आणलं. टेसने टाळ्या वाजवल्या. तो चक्क लाजला.

शनिवार, २५ जानेवारी

हे सावकाश लिहिते.

सकाळ स्वच्छ, उणे बारा. टेसने पहिली फेरी आणली, मी दुसरी, डार्सीने तिसरी. चौथीला पळवाट उरली नाही. लॉर्नने हेल्मेट घातलं. मी म्हटलं, "मळलेल्या वाटेने जाऊ नकोस, दुपारच्या उन्हाने ती निसरडी झालीय. झाडांच्या वरून तिरकं काप." म्हणाला, "मला शिकवू नकोस."

आम्ही तिघे उतरलो. टेस आयुष्यात पहिल्यांदा अख्खं ओगराळं उतरली — अर्धं स्कीवर, अर्धं ढुंगणावर. ओढ्यापाशी हसत बसलो होतो. वर मशीनचा आवाज झाडांच्या वरून सरकत येत होता. मग चढला, किंचाळल्यासारखा. मग बंद.

आपण बंद केलेलं मशीन आणि आपोआप बंद पडलेलं मशीन — फरक कानाला कळतो.

हातातल्या रेडिओवर हाका मारल्या. "लॉर्न. लॉर्न, बोल." नुसती खरखर.

मशीन वर, आम्ही खाली. स्कीच्या तळाला लावायच्या चढणीच्या पट्ट्या फक्त माझ्या पिशवीत होत्या, चालत चढायच्या दिवसांतल्या. टेसला रेडिओ देऊन ओढ्यावर ठेवलं आणि चढायला लागले. डार्सी मागून मांडीभर बर्फातून पायीच.

मशीन एका खळग्यात उलटं पडलेलं. पट्टा आभाळाकडे, रेडिओ बाजूला फुटलेला. लॉर्न हँडलखाली, छातीपर्यंत बर्फात. डोळे उघडे होते. मला बघून म्हणाला, "मी कलंडलो." शाळेतली पोरं बसमध्ये ओकल्यावर सांगतात ना, तसं.

फावड्याने उकरलं. डार्सी आणि मी मिळून मशीन सरळ केलं. उजवा खांदा वाकडा दिसत होता, जॅकेट उघडलं तर शर्टाच्या आत हाड वर आलेलं. माझ्या मफलरने हात छातीशी बांधला. मशीन सुरू व्हायला तयार नव्हतं, उलटल्यामुळे इंजिनात पेट्रोल शिरलेलं. दोरी ओढून ओढून माझाच खांदा निखळायची वेळ आली. शेवटी धूर ओकत धरलं एकदाचं.

लॉर्नला माझ्यापुढे बसवलं, दोन हातांच्या मधे, लहान मुलाला बसवतात तसं. तिरक्या उतारावरून काढलं. प्रत्येक धक्क्याला तो कण्हत होता. "हळू, शार."

"हळू नेलं तर रुतेल. गप्प बस."

गाडीत हीटर लावून त्याला बसवलं, परत वर गेले, टेस आणि डार्सीला आणलं. मग इस्पितळ. कॉलरबोन मोडलंय, दोन जागी. बाकी काही नाही. नशीब म्हणतात ते हेच.

इस्पितळाच्या वाटेवर तो खिडकीतून बघत होता. म्हणाला, "तू दरवेळी तिथूनच आणायचीस?"

"मग कुठून?"

"मला वाटायचं, तू वाटेनेच जातेस. फेरा घालून."

"वाटेने गेले असते तर तुम्ही दोघे ओढ्यावर अर्धा तास गारठला असता."

इतके हिवाळे तो खाली पोचायचा आणि मशीन तिथे असायचं. कसं आलं, हे त्याने मनात एकदाही चालून पाहिलं नव्हतं.

सोमवार, २७ जानेवारी

सासूबाई आल्या, फिलिसबाई. ओव्हनमध्ये भाजलेलं कॅसरोल आणलं, एका माणसापुरतं.

"शार्लीन, बायकोने एवढा हट्ट करू नये. तू चालवत होतीस तेव्हा कधी काही झालं का?"

"नाही झालं. म्हणून तर कुणाला दिसलं नाही."

"उलट बोलायची सवय तुला कधी लागली?"

"सात डिसेंबरला, आई."

लॉर्न आतल्या खोलीतून हसला आणि मग हाड दुखलं म्हणून ओरडला. कॅसरोल चांगलं होतं. माझ्या वाट्याचं मी त्याच्याच ताटातून खाल्लं.

शुक्रवार, ३१ जानेवारी

लीजनमध्ये मी गेल्यावर आवाज खाली आले. बारमागची बाई म्हणाली, कसा आहे लॉर्न? बरा आहे, म्हटलं. कोपऱ्यातला एक म्हातारा दुसऱ्याला म्हणाला, मला ऐकू जाईल इतपत, "नवऱ्याला धडा शिकवायला निघाली आणि हाड मोडून बसली."

मी ग्लास उचलला आणि त्यांच्या टेबलावर जाऊन बसले. "हाड त्याचं मोडलंय. मी धडधाकट आहे. काही विचारायचं असेल तर मी इथेच बसलेय."

माझी बियर गरम होईपर्यंत बसले. घरी आल्यावर न्हाणीघरात जाऊन रडले. पण ते इथे. तिथे नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी

लॉर्न सोफ्यावर, हात झोळीत. मी बूट चढवत होते.

"मी असा पडलोय आणि तू जाणार?"

"केल्सी झाली त्या आठवड्यात तू गेला होतास."

"तो बर्फ वेगळा होता," तो म्हणाला. आणि स्वतःच खाली पाहिलं.

सूप गॅसवर ठेवून गेले. टेस, डार्सी आणि मी. आकाश निळं. उतरताना मी ओरडले. शब्द नव्हता, नुसती आरोळी, सगळ्या ओगराळ्यात घुमली. सत्तेचाळीस वर्षांची बाई! ओरडू दे.

शनिवार, १ मार्च

झोळी निघाली. डॉक्टर म्हणाले, सावकाश. लॉर्न खिडकीत उभा राहून ट्रेलर बघतो. मला वाटलं, आता स्की काढेल. काढल्या नाहीत.

टेसने पैसे साठवून एक जुनं मशीन घेतलंय, जांभळं. डार्सी मागे बसतो. तिने अट घातलीय म्हणे की मागे बसणाऱ्याने तोंड बंद ठेवायचं.

शनिवार, १५ मार्च

आज लॉर्न म्हणाला, "मला शिकव."

मी तीनदा विचारलं, काय? मुद्दाम. तिसऱ्यांदाही त्याने नीट सांगितलं, चिडला नाही.

वर नेलंच नाही. लाकडाच्या ओंडक्यांच्या सपाट मैदानावर, मग शेजारच्या उतरत्या बांधावर. त्याची मोठी खोड म्हणजे घाबरला की सीटवर बसतो. "उभा राहा," मी म्हणत राहिले. "घाबरलास तरी उभा राहा. घाबरलास म्हणूनच उभा राहा." बसमधल्या पोरांशी बोलते त्याच आवाजात. दुपारपर्यंत अंगठा आखडला त्याचा. हात झटकत म्हणाला, "हा असाच दुखतो का नेहमी?"

मी माझा अंगठा त्याच्या अंगठ्याशेजारी धरला. सांध्याची गाठ बघितली त्याने. बोटाने दाबून पाहिली. घरी आल्यावर भांडी त्याने घासली.

शनिवार, २२ मार्च

परत सपाटीवर. परत बांध. दोनदा कलंडला, स्वतः उठला. मी पुढे झाले नाही. अवघड गेलं, पण झाले नाही.

शनिवार, २९ मार्च

वसंताचा बर्फ. सकाळी कडक, दुपारी साखरेसारखा. ओगराळ्याच्या वर आम्ही दोघेच, बाकीचे येईपर्यंत थांबलो नाही. लॉर्नने हेल्मेट घातलं आणि म्हणाला, "जा तू. मी आणतो."

मी उतरले. आज कशाचीच घाई नव्हती. मोठी वळणं, एकाच्या पोटात एक. खाली ओढा अर्धा उघडलाय, पाण्याचा आवाज येतो. वळून वर पाहिलं तर लॉर्न झाडांच्या वरून येत होता. दोन्ही पाय वरच्या फळीवर, अंग डोंगराकडे टाकलेलं, मशीन जवळजवळ अंगावर घेतलेलं. एकदा डगमगला. बसला नाही. सरळ रेषेत आला आणि माझ्यापुढे थांबला, हेल्मेट काढलं, घामाने निथळत होता.

"कसं?"

"बरं," मी म्हटलं. मग म्हटलं, "चांगलं. खरंच चांगलं."

त्याने स्वतः थर्मास काढला. स्वतः ओतलं. आम्ही मशीनच्या सीटवर पाय लोंबकळत बसलो, एल्क हरणाच्या सॉसेजचे तुकडे खाल्ले. खांद्याला खांदा लागत होता. मला तो आवडतो हे विसरलेच होते मी. पूर्वी आवडायचा नव्हे, आज, हा, निथळलेला.

डार्सी आणि टेस आले तेव्हा आम्ही अजून तिथेच होतो. डार्सी म्हणाला, "काय, तह झाला?"

लॉर्न म्हणाला, "शरणागती." आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

जिंकले मी! कुणाला सांगणार नाही, इथे लिहिते.

रविवार, ३० मार्च

सकाळी पॅनकेक. लॉर्न खुशीत. सिरप ओतत म्हणाला, "आता सांगायला हरकत नाही, शार. आपण नवे नवे भेटलो होतो, त्या हिवाळ्यात आपण सगळे चालत चढलो होतो ना ओगराळ्यावर? तू उतरायला निघालीस आणि सगळे मागे पडले, मी तर सगळ्यांत मागे. मी खाली पोचलो तेव्हा सगळे तुझ्याभोवती उभे. कुणी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. घरी येताना ठरवलं मी — हिला मशीन घेऊन द्यायचं, हीच चालवेल. म्हणजे परत असं व्हायला नको." आणि हसला. जुनी गंमत सांगावी तसा, अगदी मनापासून.

मी म्हटलं, "पुन्हा सांग."

त्याने पुन्हा सांगायला घेतलं. अर्ध्यावर आला आणि थांबला.